एकोणनव्वद

दांडेकर पुलाच्या अलीकडे फैयाजभाईंचं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व फॉर्म भरून मिळतील.
काचेवर चिकटवलेलं: शिष्यवृत्ती, उद्या शेवटची तारीख.
हा कागद मागच्या आठवड्यातही होता,
आज मात्र तो खरं बोलत होता.

मांडीवर माझी फाइल.
जातीचा दाखला, रेशनकार्ड,
उत्पन्नाच्या दाखल्यात गेलेले तहसीलचे तीन बुधवार
आणि एका माणसाची तीन नावं:
आधारवर तिम्मा, शाळेच्या दाखल्यात तिमण्णा,
लाइटबिलावर टी. एच. धोत्रे.
आई म्हणते, हाक मारली की तिघं एकदमच वळायचे.

वडील हयात? हो का नाही?
फैयाजभाईंनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.
नाही, म्हटलं.
त्यांनी 'नाही' दाबलं
आणि खालचा रकाना करडा पडला,
वडिलांचा व्यवसाय.
मी घरून ठरवून आले होते,
'इतर' निवडायचं, आणि जागा असलीच
तर लिहायचं: फरशी बसवणे.
औंध-बाणेरच्या कितीतरी बाथरूममधलं पाणी
अजून त्यांनी दिलेल्या उतारानं
मुकाट जाळीकडे जातं.
करड्या रकान्यात बोट ठेवून पाहिलं.
अक्षर उमटत नाही.

पुढचं पान. आधार पडताळणी.
ओटीपी पाठवला आहे, शेवटी सतरा असलेल्या नंबरवर.
तो नंबर पप्पांचा.
सिम बंद होऊन दीड वर्ष.
आधार केंद्रावरची तारीख सोळा दिवसांनंतरची.
फैयाजभाई म्हणाले, लावून तर बघ,
नंबर कुठे मरतो? दुसऱ्याला देतात.

'हां, शेलार टायर, थेऊर फाटा.'

मी काय बोलले, सलग आठवत नाही.
मागे हवा भरायचं मशीन थडथडत होतं.
थांबा, म्हणाला, हात पुसतो.
मग म्हणाला, आलाय मेसेज,
पण इथं लिहिलंय,
हा क्रमांक कोणालाही सांगू नका.
दोघंही गप्प.
स्क्रीनवर दहा मिनिटांची आठ झाली.
नाव काय तुझं?
रेणुका.
शिकतेस काय?
डिप्लोमा, सिव्हिल, दुसरं वर्ष.
घे लिहून. साठ, बारा, एकोणनव्वद.

फैयाजभाईंनी नव्याण्णव टाकलं. अवैध.
अहो, एकोण, एकोण!
थेऊर फाट्यावरून तो ओरडला,
नव्वदाला एक उणा!

रात्री पावणेदहाला पावती निघाली,
शाई संपत आलेली, माझा फोटो अर्धाच.

मग अर्ज महाविद्यालयाच्या स्तरावर प्रलंबित.
मग छाननीत.
मग त्रुटी: वडिलांच्या नावात तफावत.
शिवाजीनगर कोर्टाबाहेर स्टँपपेपरवर
एका काळ्या कोटानं टाइप करून दिलं,
तिम्मा, तिमण्णा व टी. एच. ही एकच व्यक्ती होय.
आईनं अंगठ्याची शाई भिंतीला पुसली
आणि म्हणाली, हे मी फुकट सांगितलं असतं.

मार्चमध्ये सर्व्हेचं प्रॅक्टिकल होतं,
मैदानावर, अकराच्या उन्हात.
लेव्हलचा बुडबुडा काही केल्या मधोमध येईना.
खिशात फोन थरथरला.
स्क्रीनवर: पप्पा.
ते नाव मी खोडलं नव्हतं,
शेलार असं कधी लिहिलंही नव्हतं.

अगं, बँकेचा मेसेज माझ्याकडंच आलाय,
तुझे जमा झाले बघ.
किती ते कॉलेजच्या यादीत सकाळीच वाचलं होतं,
पाठही होतं.
तरी म्हटलं, आकडा वाचा ना,
एकेक करून.

थांब, म्हणाला, हात पुसतो.